हिवाळी आकाशाचे कापड : रंगकाम आणि भरतकामाच्या प्रकल्प नोंदी

१ डिसेंबर २०२४

या कामाची मर्यादा आरंभीच लिहून ठेवते. भोर तालुक्यातील माझ्या आजोळी, गावाबाहेरच्या माळावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यावर हिवाळ्यात जे आकाश साध्या डोळ्यांना दिसते, तेवढेच मला कापडावर उतरवायचे आहे. दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रांतले गुलाबी-जांभळे आकाश सुंदर असते, पण ते कॅमेऱ्याचे आकाश आहे. हे कापड गावातल्या शाळेच्या भिंतीवर लागणार आहे. ते दिवसा पाहिलेल्या मुलाला रात्री अंगणात येऊन मृग, रोहिणी आणि व्याध बोट दाखवून ओळखता आले पाहिजेत. त्यामुळे ताऱ्यांच्या जागा मनाने ठरवायच्या नाहीत.

रंग आणि दोरा यांची वाटणीही आजच ठरवली. ज्या उजेडाला कड नाही तो रंगाने काढायचा, म्हणजे क्षितिजाजवळचा फिकटपणा, आकाशगंगेचा पट्टा आणि मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे वायू आणि धुळीच्या उजळ ढगाचा, धूसर ठिपका. ज्याला आकाशात नेमकी जागा आहे ते दोऱ्याने करायचे. रंगवलेले तारे आणि दोऱ्याने भरलेले ढग, असे या कापडात कुठेही येणार नाही.

कापडावर आकाश काढण्याची परंपरा जुनी आहे आणि त्यातली दोन कामे मी डोळ्यांसमोर ठेवली आहेत. सम्राट दुसऱ्या हेन्रीचा अकराव्या शतकाच्या आरंभीचा झगा जर्मनीत बाम्बेर्ग येथे जपलेला आहे. निळ्या रेशमावर सोन्याच्या जरीने नक्षत्रांच्या आकृती भरलेला तो झगा राजवैभवासाठी होता. दुसरे काम अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एलेन हार्डिंग बेकर यांचे आहे. त्यांच्या सूर्यमालेच्या लोकरी गोधडीवर १८७६ हे साल भरलेले आहे आणि ती आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. खगोलशास्त्रावर व्याख्याने देताना त्या हीच गोधडी श्रोत्यांसमोर लावत असत. माझे नाते या दुसऱ्या कामाशी अधिक जवळचे आहे, कारण त्यात कापडाने शिकवण्याचे काम केले.

१५ डिसेंबर २०२४

कापड म्हणून कोरा मांजरपाट घेतला. रेशमावर रंग पसरतो छान, पण दोन-तीन थर रंग आणि त्यावर शेकडो गाठी पेलायला घट्ट विणीचे सुती कापडच बरे. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि ती निघाल्याशिवाय रंग धाग्यात उतरत नाही, नुसता वर बसून राहतो. म्हणून धुण्याचा सोडा आणि साबणाचा चुरा घालून कापड चांगले उकळले आणि पाणी नितळ निघेपर्यंत खळबळले. कापड आटायचे तेवढे या वेळीच आटून गेलेले बरे. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दिशेने ते अधिक आटते, आणि नकाशा मोजून काढायचा असल्यामुळे नंतर एका दिशेने आटलेले कापड मला चालणार नाही.

ओले असतानाच चारही कोपरे ओढून ताणा आणि बाणा (आडवे धागे) काटकोनात आणले, मग सावलीत वाळवून उलट्या बाजूने इस्त्री केली.

१२ जानेवारी २०२५

आकाशाच्या रंगाचे नमुने आज पूर्ण झाले. बाटलीतला तयार काळा रंग या कामात वापरायचा नाही, असे नमुने पाहून नक्की झाले. तो कापडावर मेल्यासारखा सपाट दिसतो आणि त्याच्या शेजारी कोणताही निळा रंग बाजारी वाटतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी एकत्र केले की जो गडद रंग तयार होतो, तो निळ्याचे प्रमाण वाढवले तर थंड आणि तपकिरी वाढवला तर उबदार होतो. क्षितिजाकडे उबदार, वर थंड, अशी चढण त्या दोनच रंगांतून साधते.

अॅक्रिलिक रंग वाळल्यावर गडद होतो, त्यामुळे ओल्या नमुन्यावरून काही ठरवले नाही. प्रत्येक रंगात फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर टिकवणारे द्रव) आणि भरपूर पाणी घालून पातळ थर दिले. जाड थराचा एक नमुनाही मुद्दाम केला आणि त्यात सुई घालून पाहिली. रंगाचा पापुद्रा सुईला अडतो, भोक उघडे राहते आणि दोरा घासून त्याचे तंतू सुटतात. पातळ थराचा मात्र एक अनपेक्षित फायदा दिसला. रंगाने विणीतले धागे एकमेकांना हलके चिकटतात आणि बारीक गाठ ओढली तरी ती मागच्या बाजूला निसटत नाही.

ओल्या रंगावर मीठ टाकून किंवा दात घासायच्या ब्रशने शिंतोडे उडवून झटपट तारे करता येतात. दोन्ही करून पाहिले आणि दोन्ही बाजूला ठेवले. दिसायला ते मोहक असते, यात वाद नाही. पण त्या ठिपक्यांतला एकही तारा खरा नसतो, आणि शोधायला शिकणाऱ्या मुलाची त्यातून दिशाभूल होईल.

२९ जानेवारी २०२५, पौष अमावास्या

कापडावर याच रात्रीचे, दहाच्या सुमाराचे आकाश येणार आहे. या वेळी मृगातला नारिंगी तारा काक्षी मध्यमंडलावर असतो, म्हणजे ठीक दक्षिणोत्तर रेषेवर आणि आपल्या सर्वाधिक उंचीवर. हवा कोरडी होती, वारा नव्हता. पुण्याचा उजेड उत्तरेला, पाठीमागे राहतो, हा या माळाचा मोठा फायदा आहे.

जे पाहिले ते क्रमाने नोंदवते. रोहिणी जवळजवळ डोक्यावर होती आणि तिच्या वर सुमारे पाच अंशांवर गुरू होता, व्याधापेक्षाही ठळक. कृत्तिकांचा पुंजका रोहिणीच्या उजवीकडे आणि वर. मृगाच्या चौकोनात डाव्या वरच्या कोपऱ्यात नारिंगी काक्षी, उजव्या खालच्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य आणि मधोमध बाणाचे तीन तारे. हा बाण खाली डावीकडे वाढवला की नजर व्याधावर जाते, वर उजवीकडे वाढवला की रोहिणीपाशी पोचते. व्याधाने मारलेला बाण मृगाच्या पोटात रुतला आहे, ही गोष्ट म्हणूनच इतकी पक्की लक्षात राहते. तिच्यात दिशा आहे. डावीकडे प्रश्वा, त्याच्या बऱ्याच वर पुनर्वसूचे दोन तारे आणि त्यांच्याखाली तांबूस मंगळ. अगदी खाली, डोंगराच्या माथ्याच्या वर, अगस्त्य.

अगस्त्याची मुठीने उंची मोजली. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते, आणि क्षितिजापासून अगस्त्यापर्यंत दोन मुठींना थोडे कमी भरले. गणितानेही या अक्षांशावर १९ अंश येतात. डोंगररांग अर्ध्या मुठीच्या आतच होती. निसर्गदृश्य काढताना डोंगर मोठा करण्याचा मोह होतो, तो मात्र मी टाळणार आहे. आकाशाच्या मानाने डोंगर किती ठेंगणा असतो, हे मोजल्याशिवाय पटत नाही.

किती मंद ताऱ्यांपर्यंत जायचे, हा प्रश्न होता. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेले क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. तिथल्यासारख्या काळोखात एवढे तारे दिसतात की ओळखीच्या आकृतीही क्षणभर त्यांत हरवतात. आमच्या माळावर या रात्री साडेचार प्रतीपर्यंतचे तारे सहज दिसत होते (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). कापडाची मर्यादा तीच राहील. मुलांना जे आकाश रोज मिळते तेच त्यांच्या भिंतीवर असावे.

२ फेब्रुवारी २०२५

नकाशा आलेख कागदावर उतरवला. प्रमाण सोपे ठेवले आहे : एक अंश म्हणजे एक सेंटिमीटर. वरची कड पुनर्वसूच्या वरच्या ताऱ्याच्या थोडी वर, खालची कड क्षितिजावर, त्यामुळे आकाशाची उंची सुमारे १०५ सेंटिमीटर आणि रुंदी ६५ सेंटिमीटरच्या आसपास आली. विषुवांश, म्हणजे ताऱ्याची तासांत मोजलेली पूर्व-पश्चिम जागा, सहा तास ही मधली उभी रेषा धरली. तारा तिच्यापासून किती दूर मांडायचा, हे काढताना विषुवांशातील फरकाला क्रांतीच्या (आकाशातल्या विषुववृत्तापासूनच्या उत्तर-दक्षिण अंतराच्या) कोज्येने, म्हणजे कोसाइनने, गुणले, नाहीतर खालचा अगस्त्य नको तितका बाजूला सरकतो.

या प्रमाणात काक्षी ते राजन्य हे अंतर साडेअठरा सेंटिमीटर येते, बाणाची लांबी पावणेतीन सेंटिमीटर आणि अख्ख्या कृत्तिका बोटाच्या नखावर मावतील एवढ्या. बाणातला सर्वांत वरचा तारा वैषुविक वृत्ताला, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्ताला, जवळजवळ टेकलेला आहे, त्यामुळे कापडावरची ती आडवी रेषा शिकवायलाही सोयीची पडेल.

नकाशात पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे आहे. भूगोलाच्या नकाशाची सवय असलेल्याला हे उलटे वाटते; पण दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की डावा हात पूर्वेलाच असतो.

गुरू आणि मंगळ घ्यायचे की नाहीत, यावर बराच विचार केला. ग्रह जागा बदलतात, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात हे दोन ठिपके आकाशात या जागी नसतील आणि कापड 'चुकीचे' ठरेल. तरीही ते घेणार आहे. गुरूला आकाशाची फेरी पूर्ण करायला जवळपास बारा वर्षे लागतात. तो रोहिणीच्या डोक्यावर असताना मंगळ पुनर्वसूत असणे ही त्याहूनही दुर्मीळ गोष्ट आहे. या दोन ठिपक्यांवरून कापडावरची रात्र कोणती, हे जाणकाराला शोधून काढता येईल. शिवाय भिंतीवर आहे आणि आकाशात नाही, असा ठिपका मुलाला सापडला, तर ग्रह म्हणजे काय हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.

९ फेब्रुवारी २०२५

पार्श्वभूमी रंगवली. कापड फळीवर ताणून पाण्याने सारखे ओले केले आणि स्पंजाने खालून वर काम केले. सर्वांत गडद भाग वरच्या कडेला नाही. खस्वस्तिक, म्हणजे नेमके डोक्यावरचे ठिकाण, कापडात वरून सुमारे पंधरा सेंटिमीटरवर येते. त्याच्याही वरची पट्टी उत्तरेकडे झुकलेली आहे आणि तिथे पुण्याच्या उजेडाची किंचित राखाडी छटा आहे. ती छटा मी ठेवली, कारण ती त्या रात्री खरोखर होती.

हिवाळ्यातली आकाशगंगा उन्हाळ्यातल्यासारखी दाट नसते. वरच्या कडेच्या मध्यापासून निघून ती काक्षी आणि प्रश्वा यांच्यामधून, व्याधाच्या डावीकडून तिरपी खाली जाते. रंग पूर्ण ओला असतानाच पांढऱ्यात निळ्याचा थेंब घातलेले अतिशय पातळ मिश्रण त्या वाटेवर सोडले आणि कोरड्या स्पंजाने त्याच्या कडा मोडल्या. लांबून पाहिले तर पट्टा आहे असे वाटते आणि जवळ गेले तर तो सापडत नाही, इतकाच तो हवा होता.

मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ १,३०० प्रकाशवर्षांहून दूर आहे. छायाचित्रात तो गुलाबी येतो, डोळ्याला मात्र राखाडी दिसतो, आणि याचे कारण आपल्या डोळ्यांतच आहे. मंद प्रकाशात डोळ्यांतील दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग कळत नाहीत. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना जास्त उजेड लागतो. म्हणून तेजोमेघासाठी जवळपास कोरड्या ब्रशने राखाडी-पांढरा रंग सेंटिमीटरभर जागेत घासला आणि बोटाने दाबून पसरवला. हाच नियम दोऱ्यांनाही लागू होईल : रंगीत दोरा फक्त ठळक ताऱ्यांना, बाकी सगळे तारे एकाच फिक्या पांढऱ्यात.

एक दिवस पूर्ण वाळू दिल्यावर उलट्या बाजूने, वर पातळ कापड ठेवून, वाफेशिवाय इस्त्री करून रंग पक्का केला.

१६ फेब्रुवारी २०२५

ताऱ्यांच्या जागा कापडावर उतरवण्याचा खाका तयार केला. आलेख कागदावरून ट्रेसिंग कागदावर तारे घेतले, प्रत्येक ताऱ्यावर सुईने भोक पाडले आणि कागद कापडावर टाचून खडूच्या बारीक भुकटीची मलमलीची पुरचुंडी त्यावरून हलकी थोपटली. डोंगराच्या बाह्यरेषेची भोकेही त्याच कागदात होती. कागद उचलल्यावर भुकटी झटकली जाण्याआधी प्रत्येक ठिपक्यावर टोकदार पांढऱ्या पेन्सिलीने खूण केली. बाणाचे तीन तारे, मृगाचे चार कोपरे आणि व्याध यांची अंतरे पट्टीने पुन्हा ताडून पाहिली.

२ मार्च २०२५

ताऱ्यांची प्रतवारी दोऱ्यात कशी बसवायची, हा या कामातला सर्वांत कठीण भाग आहे. प्रतीत एकाचा फरक म्हणजे तेजात अडीच पट फरक, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. उणे दीड प्रतीचा व्याध साडेचार प्रतीच्या ताऱ्यापेक्षा सुमारे अडीचशे पट तेजस्वी आहे. गाठीचे आकार त्या प्रमाणात करायला गेले तर व्याध बशीएवढा होईल. म्हणून प्रमाणाचा हट्ट सोडून पायऱ्या केल्या आणि शेजारच्या दोन पायऱ्यांतला फरक हाताच्या अंतरावरून स्पष्ट कळेल, एवढेच पाहिले.

सहा पदरी सुती दोऱ्याचे पदर सुटे करून सगळे तारे गाठीच्या टाक्याने, म्हणजे फ्रेंच नॉटने, भरते आहे. साडेचार प्रतीच्या ताऱ्याला एक पदर आणि एक वेढा, तीन प्रतीच्या आसपास एक पदर आणि दोन वेढे, बाणाच्या ताऱ्यांना दोन पदर आणि दोन वेढे, रोहिणी, काक्षी, राजन्य आणि प्रश्वा यांना चार पदर, अगस्त्याला पाच आणि व्याधाला सगळे सहा. सुई अशी घेतली की तिचे नेढे आणि दांडी सारख्याच जाडीची असावीत, नाहीतर वेढे नेढ्यापाशी अडकतात आणि गाठ वाकडी बसते.

काक्षीचा आकार ठरवताना थांबावे लागले, कारण त्याचे तेज स्थिर नाही. २०१९ च्या अखेरीपासून तो मंदावत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ प्रतीपर्यंत उतरला होता. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आल्याचे त्याचे कारण नंतर समोर आले. या हिवाळ्यात तो आपल्या नेहमीच्या तेजात आहे, म्हणून चार पदरच दिले. दोरा मात्र लाल घेतला नाही. फिका नारिंगी दोरा निळसर जमिनीवर, म्हणजे कापडाच्या पार्श्वभूमीवर, आपोआप तांबूस दिसतो. लाल दोरा तिथे कुंकवाच्या टिकलीसारखा उठला असता.

टिकल्या, आरसे आणि चकाकणारे मणी मी घेतले नाहीत. त्यांची चमक दिव्याच्या जागेवर अवलंबून असते आणि वर्गात खिडकीसमोरचा एखादा क्षुल्लक तारा व्याधावर मात करील.

९ मार्च २०२५

आज दिवसभर फक्त कृत्तिका. ठळक सहा तारे आणि त्यांना लागून असलेले एक-दोन, हे सगळे जेमतेम सव्वा सेंटिमीटर जागेत बसवायचे होते. मांडणी छोट्या पळीसारखी आहे आणि ती पळी बिघडली तर कृत्तिका ओळखू येत नाहीत. भिंगाखाली कापडाची वीण जाळीसारखी दिसते. एक पदर दोरा वर काढायचा, सुईला एकच वेढा द्यायचा, डाव्या हाताने दोरा ताणून धरायचा आणि सुई निघाली त्याच भोकात न घालता विणीतला एक धागा ओलांडून शेजारी खाली न्यायची. तो एक धागा गाठीला धरून ठेवतो. दोरा सैल सोडला तर वेढा वर येऊन फास होतो, जोरात ओढला तर गाठ विणीत बुडते. वेढा कापडाला टेकल्याचे बोटाला कळते आणि तिथेच थांबायचे असते. मधल्या, सर्वांत तेजस्वी ताऱ्याला दोन वेढे दिले.

तारे एकमेकांपासून दूर असतील तेव्हा दोरा मागून पुढे नेत नाही, प्रत्येक ठिकाणी मागे दोन बारीक टाके घेऊन कापते. मागून ओढलेला लांब दोरा कापडाला सुरकुती आणतो आणि सुरकुतीने ताऱ्याची जागा हलते.

२३ मार्च २०२५

ग्रह भरले. तारे लुकलुकतात आणि ग्रह स्थिर दिसतात, हा फरक टाक्यांतून दाखवायचा होता. तारा इतका दूर आहे की तो आपल्याला बिंदूच दिसतो आणि हवेच्या थरांतून येताना त्याचा किरण थरथरतो. ग्रहाचे बिंब लहान असले तरी बिंब असते, त्यामुळे ती थरथर एकमेकांत मिटून जाते. म्हणून गुरू आणि मंगळ गाठीने न करता भरीव सॅटिन टाक्याने गोल, गुळगुळीत केले, गुरू फिक्या पिवळसर पांढऱ्यात आणि मंगळ काक्षीपेक्षा किंचित गडद नारिंगीत. व्याधाच्या गाठीभोवती एका पदराचे अगदी आखूड सरळ टाके असमान लांबीचे घातले, तो सर्वांत जास्त लुकलुकतो. अगस्त्य क्षितिजाजवळ असल्यामुळे त्यालाही तसेच, पण कमी.

डोंगर शेवटी घेतला. तो नुसता सपाट गडद रंगाचा आहे आणि माथ्याच्या रेषेवर त्याच रंगाच्या दोऱ्याचा दांडी टाका आहे, म्हणजे रंगाची कड धारदार होते.

६ एप्रिल २०२५

कापड घेऊन आजोळी आले आहे. मागे पातळ सुती थर आणि अस्तर लावून तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी जोडले आणि आता गोधडीसारखा धावदोरा घालायचा आहे. मामींनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत, त्यामुळे हा भाग त्यांच्या देखरेखीखाली चालला आहे. धावदोऱ्याच्या ओळी मी क्रांतीच्या रेषांवरून आखल्या होत्या, म्हणजे आडव्या, दर दोन सेंटिमीटरवर एक. प्रत्येक तारा रात्रभर आपल्याच ओळीवरून डावीकडून उजवीकडे जातो, असे त्यातून सांगता येते. दोरा जमिनीच्याच रंगाचा असल्यामुळे ओळी तिरप्या उजेडातच दिसतात.

मामींनी कापडावरून हात फिरवून सांगितले, "ओळ गाठीवरून नेऊ नको बाई, गाठ दबते. गाठीच्या अलीकडे सुई खाली घाल आणि पलीकडे काढ." त्यानुसार जिथे तारा ओळीवर येतो तिथे धावदोरा अस्तराच्या बाजूने त्याला वळसा घालतो. टाका त्या दोन तांदळाएवढा घेतात आणि ओढत मुळीच नाहीत. थरांमध्ये हवा राहिली की दोन ओळींमधले कापड हलके फुगते. त्या फुगवट्यामुळे रंगवलेल्या सपाट आकाशाला खोली आली, जी मला रंगात आणता आली नव्हती.

२० एप्रिल २०२५

चारही कडा दुमडून हातशिलाई केली आणि वरच्या कडेला मागून नेफा शिवून त्यात वेळूची काठी घातली. शाळेत कापड कुठे लावायचे ते पाहून आले : दक्षिणेची भिंत, म्हणजे कापड पाहणाऱ्याचे तोंड आपोआप दक्षिणेकडेच होईल. तिथे थेट ऊन येत नाही, आणि रंगीत सुती दोऱ्याच्या दृष्टीने तेही बरे आहे.

अस्तरावर उलट्या टिपेने ठिकाण, २९ जानेवारी २०२५ ही तारीख, रात्री दहाची वेळ आणि 'एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश' एवढे भरले. समोरच्या बाजूला एकही नाव लिहिलेले नाही. शिक्षकांसाठी नावांचा निराळा कागदी नकाशा याच प्रमाणात करून दिला आहे, तो कापडाशेजारी धरता येतो.

उन्हाळी आकाशाचे जोडकापड करायचे तर वृश्चिक आणि धनु यांच्यामधली दाट आकाशगंगा रंगात कशी घ्यायची, याचे नमुने आधी लागतील. मांजरपाटाचा उरलेला तुकडा त्यासाठी उकळून ठेवला आहे.